'रुग्ण आला नाही' हा शेरा बंद व्हायला हवा

डार्विनकर:
ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत मी नर्स आहे. इथल्या ॲबोरिजिनल (मूळनिवासी) मुलांना स्ट्रेप ए जंतूमुळे आजही संधिवातज्वर होतो. तो पुन्हा पुन्हा आला की हृदयाच्या झडपा कामातून जातात. तो टाळायला दर 28 दिवसांनी बेन्झाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन, तेही निदान 5 वर्षं. एखादं चुकलं की फाइलवर शेरा पडतो: 'रुग्ण आला नाही'. आपण गेलो नाही, असं कुणी लिहीत नाही. शाळेत, घरी जाऊन सुई देणं हेच प्राथमिक आरोग्यसेवेचं काम आहे.

सुहास_मेलबर्न:
पटत नाही. घरोघर जायला माणसं कुठून आणणार? दुर्गम भागात नर्स काही आठवड्यांच्या करारावर येतात. आणि तारीख ठरलेली असताना पालकांची काहीच जबाबदारी नाही?

डार्विनकर:
हे इंजेक्शन फार दुखतं हो. आमची गाडी दिसली की एक मुलगा पाण्याच्या टाकीमागे लपायचा. दर वेळी नवा चेहरा त्याला धरून ठेवायचा, तो लपणार नाही तर काय! त्याच्याच समाजातल्या आरोग्यसेविकेने त्याच्या भाषेत समजावलं, औषधात लिडोकेन हे बधिर करणारं औषध मिसळलं, आणि पुढच्या महिन्यात तो आपणहून आला. करारांचं म्हणता ते खरंय, म्हणूनच गावातल्या माणसांना शिकवा आणि कायम नोकरी द्या.

अबोली:
दोघंही सुईपाशीच अडकलात. एका घरात पंधरा माणसं आणि बंद पडलेलं वॉशिंग मशीन असेल तर जंतू फिरतच राहणार. श्रीमंत देशांत हा आजार पेनिसिलिन येण्याआधीच ओसरू लागला होता, राहणीमान सुधारलं म्हणून. पैसा घरांवर खर्च करा.

डार्विनकर:
घरं हवीतच. पण जिच्या हृदयाची मिट्रल झडप आज गळतेय, तिला घर बांधून होईपर्यंत थांब म्हणू? क्वीन्सलँडमधल्या डूमाजीत 2019-20 मध्ये तीन तरुण ॲबोरिजिनल स्त्रिया या आजाराने गेल्या. कॉरोनरच्या, म्हणजे मृत्यूचं कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या, चौकशीत त्यांना मिळालेल्या उपचारांतल्या गंभीर त्रुटी पुढे आल्या.

सुहास_मेलबर्न:
हे वाचून हललो. पालकांबद्दलचं वाक्य मागे घेतो. मनुष्यबळाचा प्रश्न मात्र तसाच आहे.

अबोली:
डार्विनकर, सुई द्यायला घरी जाता तेव्हा नळ चालू आहे का हे बघता?

डार्विनकर:
फॉर्मवर तो रकाना नाही. मागच्या आठवड्यात एका घरी शॉवर तुटलेला दिसला, तेव्हा मीच घरदुरुस्तीवाल्यांना फोन केला. अजून कुणी आलेलं नाही. उद्या पुन्हा करते.