डीईएसमध्ये एनएसए: कुलूप पक्कं केलं की किल्लीच कापली?

आडवाटेचा:
१९७३ला अमेरिकेच्या मानक संस्थेने सरकारी वापरासाठी एन्क्रिप्शनच्या, म्हणजे मजकूर किल्लीने कुलूपबंद करायच्या, पद्धती मागवल्या. धड काही आलं नाही. १९७४ला पुन्हा मागवल्यावर आयबीएमने आपली पद्धत दिली. तिचं मूळ म्हणजे होर्स्ट फाइस्टेल यांचं 'ल्युसिफर'. त्याच्या एका आवृत्तीत किल्ली १२८ बिटांची होती; बिट जितके कमी, तितकी किल्ली चाचपून काढणं सोपं. १९७७ला डीईएस (डेटा एन्क्रिप्शन स्टँडर्ड) म्हणून सरकारी शिक्का बसला तेव्हा उरली ५६ बिटांची! मधे एनएसए, अमेरिकेची संदेश फोडणारी गुप्तचर संस्था. कुंपणानेच शेत खाल्लं, दुसरं काय?

वहीतलं गणित:
अर्धीच गोष्ट सांगताय. डीईएसचा जीव त्या आठ एस-बॉक्समध्ये आहे, म्हणजे बिटांच्या जागी दुसरे बिट देणाऱ्या आकड्यांच्या पेट्यांमध्ये. प्रत्येकात सहा बिट जातात, चार बाहेर येतात. आत जाणारा एक बिट बदलला की बाहेर येणारे किमान दोन बदलतात. हेच आकडे का निवडले ते आयबीएमने सांगितलं नाही, म्हणून चोरदरवाजाची बोंब उठली. पुढे १९९०च्या सुमारास बिहम आणि शमीर या संशोधकांनी नवा हल्ला मांडला: किंचित फरकाचे दोन मजकूर घालायचे आणि तो फरक फेरीगणिक (मजकूर अशा फेऱ्यांमधून पुन्हा पुन्हा घुसळला जातो) कसा सरकतो ते पाहायचं. 'फील' ही जपानी पद्धत त्यात आडवी झाली, डीईएसच्या १६ फेऱ्या मात्र तगल्या. १९९४ला आयबीएमच्या डॉन कॉपरस्मिथनी लिहिलं की हा हल्ला त्यांच्या गटाला १९७४लाच माहीत होता, एनएसएशी बोलून गुलदस्त्यात ठेवला. आता सांगा, पेट्या पोखरल्या की भक्कम केल्या?

आडवाटेचा:
म्हणजे जगाला वीस वर्षं अंधारात ठेवलं आणि वर आभार मानायचे? बरं, किल्लीवर तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. डिफी आणि हेलमन या एन्क्रिप्शनच्या अभ्यासकांनी १९७७लाच हिशेब मांडला होता: दोन कोटी डॉलरचं यंत्र बांधा, दिवसात किल्ली सापडेल. तेव्हा एवढा पैसा कुणाच्या तिजोरीत होता, ते मी सांगायला नको. १९७८ला सिनेटच्या समितीनेही नोंदवलं की लहान किल्ली पुरेशी आहे हे एनएसएनेच आयबीएमच्या गळी उतरवलं.

रात्रपाळी:
त्याच समितीने एनएसएने रचनेत ढवळाढवळ केली नाही असंही म्हटलंय, तेवढं सोयीस्कर गाळलंत. मी बँकेच्या सिस्टिम्सवर काम करतो. लहान किल्ली पहिल्या दिवसापासून सगळ्यांना दिसत होती, म्हणून तर ट्रिपल डीईएस, म्हणजे तेच डीईएस तीनदा, लावून आम्ही निभावलं. पेटीतली खोट अशी तीनदा चालवून झाकता आली असती का?

आडवाटेचा:
निभावलं बँकांनी. साध्या डीईएसवर विसंबलेल्यांचं काय? १९९८ला ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेने अडीच लाख डॉलरच्या आत यंत्र बांधलं आणि ५६ तासांत किल्ली काढून दाखवली. डीईएसच्या जागी आलेली एईएस बघा: खुली स्पर्धा, १५ पद्धती, प्रत्येकीची चिरफाड सगळ्यांदेखत, आणि २००१ला मानक झाली ती दोन बेल्जियन माणसांची.

वहीतलं गणित:
खुली स्पर्धा हवीच, त्यावर वाद नाही. पण शेवटच्या फेरीतल्या पाचही पद्धती एनएसएनेही तपासल्या होत्या. ते चाललं ना तुम्हाला?