चित्रित नाटक गावातल्या चित्रपटगृहात दाखवावे का?

मूळ प्रस्ताव:
आमच्या तालुक्याच्या गावी नाट्यगृह नाही. नाटक पाहायचे तर आम्ही कोल्हापूर गाठत असू. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळाले आणि आमचे तेही जाणे थांबले. गावातले एकपडदा चित्रपटगृह मात्र रविवारी सकाळी रिकामेच असते. तिथे महिन्यातून एकदा, निर्मात्याला रीतसर मोबदला देऊन, एखाद्या चांगल्या नाटकाचा चित्रित प्रयोग दाखवावा, असे मला मनापासून वाटते. लंडनच्या नॅशनल थिएटरने २००९ पासून आपली नाटके अशी चित्रपटगृहांत पोहोचवली आणि मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रातही ती पडद्यावर दाखवली गेली. लंडनचे नाटक मुंबईकरांना दिसते, तर मुंबईचे नाटक आम्हाला का दिसू नये?

प्रतिसाद, विरोधात:
मी बारा वर्षे नाटकाच्या बसबरोबर हिंडतो आहे. नेपथ्य लावणे आणि उतरवणे हे माझे काम. आम्हाला पैसे मिळतात ते नाइटवर, म्हणजे प्रयोग झाला तरच. चित्रीकरणाची एक नाइट हातावर पडेल. पुढे तेच चित्रण पन्नास गावांत फिरले तरी आमच्यापर्यंत काही येणार नाही.

शिवाय जे फिरेल ते नाटक असेल का? आमच्या एका नाटकात ज्येष्ठ नट चहाचा कप ओठांपर्यंत नेतात आणि हशा ओसरेपर्यंत तसाच धरून ठेवतात. इचलकरंजीत तो कप बराच वेळ हवेत राहतो, पुण्यात लवकर खाली येतो. विंगेतून मी हे शेकडो वेळा पाहिले आहे. चित्रणात तो कप कोणत्या तरी एकाच गावाच्या हशाला बांधला जाईल.

प्रतिसाद, बाजूने:
माझ्या आईला बसचा प्रवास आता झेपत नाही. चित्रपटगृह घरापासून चालत पाच मिनिटांवर आहे. तिच्यासाठी हे पुरेसे आहे.

मूळ प्रस्तावकाचे उत्तर:
नाइटचा मुद्दा मला मान्य आहे. प्रत्येक खेळामागे पडद्यामागच्या कामगारांचा वाटा करारातच लिहिलेला असावा आणि तो नसेल, तर आम्ही ते चित्रण दाखवू नये. पण चित्रणच नको, हे मला पटत नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत केशवराव भोसले आणि बालगंधर्व हे दोन गायक-नट ‘संयुक्त मानापमान’ या नाट्यप्रयोगात एकत्र उभे राहिले, त्यानंतर तीन महिन्यांच्या आत केशवराव गेले. तो प्रयोग आज आपल्याला वर्णनांतूनच वाचावा लागतो. त्या रात्रीची दहा मिनिटे जरी पडद्यावर पाहता आली असती, तरी ती हशाटाळ्यांसह गोठलेली आहेत, अशी तक्रार आपल्यापैकी कोणी केली असती का?

प्रतिसाद, विरोधात:
जतन करण्याला माझा विरोध नाही. प्रत्येक नाटकाचे एक चांगले चित्रण व्हावे, ते अभ्यासकांना आणि नव्या नटांना उपलब्ध असावे. माझी भीती वेगळी आहे. पडद्यावर भागते असे एकदा ठरले, की नगरपालिकेकडे नाट्यगृह मागायला कोण जाईल आणि शंभर किलोमीटर आत बस न्यायला निर्माता तरी कशाला धजेल? तुमच्या गावात शाळेचे सभागृह असेलच. त्याच्या रंगमंचाची रुंदी, विंगेची खोली आणि ट्रक मागच्या दाराला लागतो की नाही, एवढे मोजून मला कळवा. तीन दारांचा सेट आम्ही दोन दारांत बसवून यापूर्वी प्रयोग केलेले आहेत.