चार विद्यापीठांच्या व्हीसीएफ जोडल्या की पीसीएमध्ये नमुने विद्यापीठानुसारच वेगळे पडतात, काय चुकतंय?

द्विसर्पिल

चार विद्यापीठांचा संयुक्त प्रकल्प, मानवी होल जीनोमचे साधारण ६०० नमुने, सगळे ३०एक्स (प्रत्येक जागा सरासरी ३० वेळा वाचलेली). प्रत्येक केंद्राने आपापल्या क्लस्टरवर बीडब्ल्यूए-मेम (रीड, म्हणजे डीएनएचे वाचलेले तुकडे, रेफरन्स जीनोमवर बसवणारा) आणि जीएटीकेचा हॅप्लोटाइपकॉलर (रेफरन्सपेक्षा वेगळे बेस शोधणारा) चालवून नमुनागणिक एक व्हीसीएफ (सापडलेल्या व्हेरियंटची यादी) दिली. त्या सगळ्या बीसीएफटूल्स मर्जने 'मायनस शून्य' पर्याय देऊन जोडल्या. पीसीएच्या (नमुन्यांतले मोठे फरक मोजक्या अक्षांवर दाखवणारं विश्लेषण) पहिल्याच घटकावर चार पुंजके, आणि विद्यापीठानुसार रंग दिला की एकही ठिपका चुकीच्या पुंजक्यात नाही. वंशाचा फरक म्हणावा, तर चारही केंद्रांतली माणसं एकाच लोकसमूहातली. शिवाय एका केंद्राच्या सगळ्या नमुन्यांत यू२एएफ१ या जीनमध्ये एकही व्हेरियंट नाही.

सगळं फास्टक्यूपासून (सिक्वेन्सरच्या कच्च्या रीड्सच्या फाइल्स) पुन्हा करावं लागेल का? आणि एका केंद्राच्या नीतिसमितीने रीड्स बाहेर पाठवायला मनाई केली आहे, त्याचं काय करायचं?

सीगारस्ट्रिंग

पुंजक्यांचा मोठा वाटा त्या 'मायनस शून्य'चा असणार. साध्या व्हीसीएफमध्ये फक्त सापडलेले व्हेरियंट असतात. एखादी जागा फाइलमध्ये नाही याचे दोन अर्थ होतात: तिथे खरंच रेफरन्ससारखा बेस आहे, किंवा तिथे तीनच रीड पडले म्हणून कॉलरने काही सांगितलंच नाही. तो पर्याय दुसऱ्या अर्थालाही सरसकट ०/० (दोन्ही प्रती रेफरन्ससारख्या) लिहून टाकतो. ज्या केंद्राचं कव्हरेज एखाद्या भागात पातळ, त्याचे सगळे नमुने तिथे 'रेफरन्स' ठरतात. अशा हजारो जागा जमल्या की पीसीएला विद्यापीठ ओळखायला वेळ लागत नाही.

म्हणून व्हीसीएफ जोडणं सोडा. प्रत्येक नमुन्याची जीव्हीसीएफ काढा (हॅप्लोटाइपकॉलरला ईआरसी जीव्हीसीएफ), त्या एकाच ठिकाणी जीनोमिक्सडीबी-इम्पोर्टमध्ये भरा आणि जीनोटाइप-जीव्हीसीएफ एकदाच चालवा (हेच जॉइंट कॉलिंग). जीव्हीसीएफमध्ये व्हेरियंट नसलेल्या पट्ट्यांचीही डेप्थ आणि विश्वासार्हता नोंदलेली असते, त्यामुळे 'नाही' आणि 'माहीत नाही' यांतला फरक टिकतो. पुढे नमुने वाढवणार असाल तर इम्पोर्टच्या वर्कस्पेसची आधी प्रत काढून ठेवा. भर घालताना मध्येच जॉब मेला तर अख्खा वर्कस्पेस निकामी होऊ शकतो.

यू२एएफ१ची भानगड वेगळी आहे. जीआरसीएच३८ या मानवी रेफरन्समध्ये गुणसूत्र २१वर या जीनची एक चुकीची दुसरी प्रत आहे. रीड दोन्हीकडे सारखेच बसतात, मॅपिंग क्वालिटी (रीड याच जागेचा असल्याची खात्री) शून्य होते, आणि हॅप्लोटाइपकॉलर २०च्या खालचे रीड बघतच नाही. बाकीच्या तिघांनी ती प्रत मास्क केलेला (तिथली अक्षरं झाकून एन लिहिलेला) रेफरन्स घेतलेला दिसतोय. चारही केंद्रांवर सॅमटूल्स डिक्ट चालवून एम५ हा स्तंभ (प्रत्येक गुणसूत्राच्या क्रमाचा चेकसम) ताडून बघा. नुसत्या लांब्यांवर विसंबू नका, मास्क केल्याने लांबी बदलत नाही. अख्ख्या फास्टा फाइलचा एमडी५ घेऊनही फसाल: ओळी ६० अक्षरांवर तोडल्या की ८०वर, एवढ्यानेही तो बदलतो.

रात्रपाळीचा_क्लस्टर

फास्टक्यू शोधत बसायची गरज नाही, क्रॅम (मॅप केलेल्या रीड्सच्या दाबलेल्या फाइल्स) असतील तर त्यांतूनच रीड परत काढता येतात. दोन अटी. एक, मॅप न झालेले रीड कोणी फेकून दिलेले नसावेत. ९००च्या हेक्स फ्लॅगने दुय्यम आणि पूरक ओळी वगळून उरलेला आकडा मूळ रीडसंख्येशी जुळवा. दोन, फास्टक्यू करण्याआधी सॅमटूल्स कोलेट चालवा. गुणसूत्रानुसार लावलेले रीड तसेच दिले तर जोड्या विस्कटतात, आणि बीडब्ल्यूए प्रत्येक तुकड्यावरून इन्सर्ट साइजचा जो अंदाज बांधतो तोही तिरका होतो.

आता सगळ्यांची पाइपलाइन एक करताना हमखास सुटणारी गोष्ट: बीडब्ल्यूए-मेम एका वेळी किती बेस वाचतो हे थ्रेडच्या संख्येवर ठरतं. एका केंद्रात १६ थ्रेड, दुसरीकडे ३२, की तोच नमुना किंचित वेगळा मॅप होतो. कॅपिटल के पर्यायाला १०,००,००,००० द्या म्हणजे हा प्रश्न संपतो. स्मॉल के देऊ नका, ती सीडची लांबी असते.

कंटेनर (सगळी सॉफ्टवेअर एकत्र बांधलेली इमेज) एकच वापरा, पण 'लेटेस्ट' टॅगवर नको. शा२५६ डायजेस्ट लिहून बांधून टाका. विद्यापीठांच्या सामायिक क्लस्टरवर डॉकर सहसा चालवू देत नाहीत, तिथे तीच इमेज ॲपटेनरमध्ये (जुनं नाव सिंग्युलॅरिटी) चालते. क्रॅम वाचताना रेफरन्सचा पाथ स्वतः द्या. नाहीतर जुनं (१.२२च्या आधीचं) सॅमटूल्स इंटरनेटवरून तो आणायला बघतं, आणि ज्या नोडना बाहेरचं नेटवर्क नाही तिथे जॉब मरतो.

डेटा हलवण्याचा बाऊ करू नका. क्वालिटी बिनिंग झालेला (क्वालिटीचे आकडे मोजक्या गटांत बसवलेला) ३०एक्सचा क्रॅम १५ ते २० जीबीचा धरा, म्हणजे ६०० नमुने जास्तीत जास्त १२ टीबी. सेकंदाला १०० एमबी मिळाले तर ३३-३४ तास. चेकसम मात्र पाठवण्याआधी मूळ जागी काढलेले हवेत. पोचल्यावर काढलेला चेकसम फक्त एवढंच सांगतो की फाइल स्वतःसारखीच आहे.

आउटलायर

वरचं सगळं मान्य, पण पाइपलाइन एक केली म्हणजे पुंजके जातील असं गृहीत धरू नका. कुठे पीसीआर-फ्री (डीएनएच्या प्रती न वाढवता केलेली) लायब्ररी, कुठे पीसीआर केलेली असेल तर एकाच बेसच्या लांब रांगांत इंडेल (वाढलेले किंवा गळलेले बेस) वेगळेच दिसणार. पीसीआर-फ्री नमुन्यांना हॅप्लोटाइपकॉलरचं पीसीआर इंडेल मॉडेल 'नन'वर ठेवा. सिक्वेन्सरही बघा: नोव्हासेक ६०००वर क्वालिटीचे चारच आकडे येतात, २, १२, २३ आणि ३७, आणि सिग्नल संपला की तो जी वाचतो.

दोष कुठला हे दोन पायऱ्यांत कळतं. एनआयएसटीच्या (अमेरिकेची मानक संस्था) एचजी००१ नमुन्याचे, ज्याचे खरे व्हेरियंट आधीच ठाऊक आहेत, तेच फास्टक्यू चारही केंद्रांना द्या आणि निकाल हॅप डॉट पाय या तुलना करणाऱ्या साधनाने ताडा. इथे फरक जवळजवळ शून्य हवा. उरला तर तो संगणकाकडचा. मग त्याच नमुन्याचा डीएनए चारही लॅबमध्ये सिक्वेन्स करा. यातला वाढीव फरक लॅबचा, तो कोणत्याही कंटेनरने जाणार नाही. २०१८मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये आलेल्या रेगिअर आणि सहकाऱ्यांच्या कामातही हेच दिसलं होतं: पाइपलाइन जुळवल्यावर त्यांच्यातला फरक एकाच नमुन्याच्या दोन सिक्वेन्सिंगमधल्या फरकापेक्षा कमी होता.

आणि एका विद्यापीठाकडे सगळे रुग्ण, दुसऱ्याकडे सगळे कंट्रोल अशी वाटणी असेल तर आत्ताच थांबा. तिथे बॅच आणि आजार वेगळे करणारी कुठलीही सांख्यिकी नाही.

द्विसर्पिल

एम५ बघितला. फक्त गुणसूत्र २१चा आकडा एका केंद्रात वेगळा, बाकी सगळे जुळतात. रुग्ण-कंट्रोल चारही ठिकाणी मिसळलेले आहेत. मनाईवाल्या केंद्राने तिथेच जीव्हीसीएफ काढून दिली तर चालेल? त्यांच्याकडे सध्या डीपव्हेरियंट या दुसऱ्या कॉलरच्या तयार आहेत.

आउटलायर

तयार आहेत त्या नकोत. डीपव्हेरियंटच्या जीव्हीसीएफ जीएलनेक्ससने जोडतात. हॅप्लोटाइपकॉलरच्या फाइल्समध्ये मिसळल्या की त्या केंद्राचा वेगळा पुंजका हातानेच तयार केल्यासारखं होईल. डायजेस्ट बांधलेला कंटेनर आणि मास्क केलेला रेफरन्स त्यांना पाठवा, तिथेच पुन्हा चालवू द्या.

मात्र जीव्हीसीएफ ही व्यक्तीचीच जनुकीय माहिती आहे. 'रीड्स बाहेर नकोत' याचा अर्थ 'जीव्हीसीएफ चालेल' असा परस्पर लावू नका, समितीकडून तसं लेखी घ्या. नकार आला तर ते केंद्र स्वतंत्रपणे असोसिएशन (व्हेरियंट आणि आजार यांचा संबंध तपासणं) करून फक्त सारांश आकडे देईल आणि तुम्ही मेटा-ॲनालिसिस कराल. तेव्हा प्रत्येक जागेसाठी इफेक्ट ॲलील (ज्या रूपाचा परिणाम मोजला ते), दुसरा ॲलील, इफेक्ट ॲलीलची वारंवारता, बीटा (परिणामाचा आकार आणि दिशा), स्टँडर्ड एरर आणि नमुनासंख्या मागा. इफेक्ट ॲलील न लिहिलेली फाइल सरळ परत पाठवा, कारण बीटाचं चिन्ह उलटलंय की नाही हे नंतर ठरवता येत नाही.

सीगारस्ट्रिंग

जॉइंट कॉलिंग झालं की आधी किनशिप (दोन नमुन्यांतलं जनुकीय नातं दाखवणारा आकडा) काढा. ०.३५४च्या वर गेलेली जोडी म्हणजे एकच नमुना दोनदा आलाय किंवा एकसारखी जुळी आहेत. चार केंद्रांच्या नळ्यांवर चार तऱ्हेची लेबलं असली की पहिला प्रकारच जास्त सापडतो.