'कॉग्निटिव्ह मॅप'ला मराठीत काय म्हणाल?

नेरूळची मी: शाळेतल्या मुलांसाठी मेंदूवरचा लेख मराठीत आणतेय. त्यात 'कॉग्निटिव्ह मॅप', म्हणजे मेंदूने धरून ठेवलेला जागेचा नकाशा, पावलोपावली येतो. मी 'मानसिक नकाशा' लिहिलं, संपादकबाईंनी खोडलं. 'मानसिक' म्हटलं की लोकांना आजारच आठवतो, म्हणाल्या. 'मनोनकाशा' चालेल?

नौपाडेकर: नाही. 'मनो' संस्कृत, 'नकाशा' अरबीतला. असा समास करू नये. 'बोधचित्र' घ्या.

जुईनगर: काका, 'नक्षी'सुद्धा त्याच अरबी मुळाची, आणि 'नक्षीकाम' आपण बिनदिक्कत लिहितो! शिवाय चित्र बघायचं असतं, नकाशावरून वाट काढायची असते. मानसशास्त्रज्ञ टोलमन यांचा १९४८चा मुद्दा तोच: ओळखीची वाट बंद केली तरी उंदीर खाऊच्या दिशेची दुसरी वाट धरतो.

तलावपाळी: 'ठाव' घ्या ना. आई म्हणायची, "त्या वाड्याचा मला ठाव आहे." ठाव, ठाणं दोन्ही 'स्था'ची लेकरं. शिलाहारांच्या लेखांत आपलं ठाणं 'श्रीस्थानक'च आहे. मेंदूसंशोधक ओकीफना १९७१ मध्ये उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आठवणी जपणाऱ्या भागात, ठरावीक जागी आल्यावरच जाग्या होणाऱ्या पेशी सापडल्या, त्याही 'ठावपेशी'च.

जुईनगर: ठावपेशी सुंदर! पण 'मनाचा ठाव' म्हटलं की दुसऱ्याच्या मनातलं काढून घेणं.

नेरूळची मी: माझी खरी अडचण पुढे आहे. हा नकाशा एका जागेपुरता नसतो. मेंदूसंशोधक मोझर यांनी २००५ मध्ये दाखवलेल्या मेंदूतल्या जाळीपेशी ('ग्रिड सेल') नव्या जागीही तीच षटकोनी जाळी अंथरतात. मी वाशीहून नेरूळला आले तेव्हा पहिल्याच संध्याकाळी न विचारता मंडई सापडली. स्टेशन, सेक्टर, मधला बाजार, ही सिडकोची घडण डोक्यात होती. याला 'सामान्यीकरण' म्हटलं तर सातवीचं मूल पान उलटेल.

नौपाडेकर: शितावरून भाताची परीक्षा.

नेरूळची मी: शीत त्याच पातेल्यातलं असतं, काका. इथे पातेलंच बदलतं.

जुईनगर: मग 'आडाखा'. पूर्वीच्या अनुभवावर नव्या ठिकाणी बांधायचा तो आडाखा, आणि निर्णयही त्यावरच.

नौपाडेकर: 'अडाखा'. पहिला अ ऱ्हस्व.

जुईनगर: आमच्याकडे सगळे 'आ'च म्हणतात.

तलावपाळी: आणि हा नकाशा फिरला की चकवा! आजोबांना येऊरच्या रानात लागला होता, तीनदा त्याच आंब्याखाली आले. चकवा 'चकणे'वरून की 'चक्रा'वरून?

नौपाडेकर: चक्रावरून, अर्थातच.

जुईनगर: अर्थातच कसं? मग 'चकवणे' कुठून आलं?