मज्जारज्जूभोवती थेट औषध: प्राण्यांवरचे हे प्रयोग बंद करावेत का?

मृदगंध
सिझेरियनला मला स्पायनल (पाठीत सुई टोचून कमरेखाली भूल) दिलं, तेव्हापासून हे डोक्यात आहे. १८८५ साली न्यूयॉर्कचे डॉक्टर कॉर्निंग यांनी कुत्र्याच्या मणक्यांमध्ये कोकेन टोचलं आणि त्याचे मागचे पाय लुळे पडले. १९७६ मध्ये यॅक्श आणि रूडी या संशोधकांनी औषध देण्यासाठी उंदराच्या मानेकडून मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात बारीक नळी घालून कमरेपर्यंत न्यायची पद्धत दिली. भूल देऊन करतात, मान्य. पण काही उंदीर या शस्त्रक्रियेनेच अधू होतात. त्यांना 'वगळतात', म्हणजे मारतात. वेदनेवर औषध हवं म्हणून मुक्या जिवाला वेदना द्यायची, हे मला पटत नाही. बंद करा.

पाचवा मजला
ताई, मी हे काम केलंय, म्हणून लिहितो. मॉर्फिन मेंदूत न जाता थेट मज्जारज्जूवरही वेदना रोखतं, हे त्याच उंदरांनी दाखवलं. तीनच वर्षांत, १९७९ मध्ये, ते कॅन्सरच्या रुग्णांना तसं दिलं गेलं. वेदनेच्या चाचणीत शेपटीवर उष्ण किरण सोडतात. उंदीर शेपटी स्वतः काढून घेतो, आणि भाजू नये म्हणून वेळेची मर्यादा असते. १९८० पासून छोट्या उंदरांसाठी नळीही लागत नाही: कमरेत सुई, ५ मायक्रोलिटर औषध. शेपूट झटक्यात हलली की सुई बरोबर बसली.

कोरडवाहू
मग शरीरात बसवलेल्या पंपाने मज्जारज्जूपाशी सतत मॉर्फिन घेणाऱ्यांच्या नळीच्या टोकाशी गाठी झाल्या, काहींचे पाय गेले, ते उंदरांनी आधी का नाही सांगितलं? ते माणसांतच आधी दिसलं.

पाचवा मजला
बरोबर, आधी माणसांतच दिसलं. पण गाठीचा संबंध औषधाचं द्रावण किती दाट आहे याच्याशी आहे, हे नंतर कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून स्पष्ट झालं.

रेवामाय
माझ्या भाच्याला एसएमए आहे, म्हणजे स्नायू दुबळे करत नेणारा आनुवंशिक आजार. २०१६ साली अमेरिकेत मंजूर झालेलं त्यावरचं औषध, नुसिनर्सेन, कमरेतूनच देतात. मुलांआधी ते उंदरांना आणि माकडांना दिलं होतं. 'बंद करा' हे मला त्याच्याकडे बघून म्हणता येत नाही.

मृदगंध
रेवाताई, तुमच्यापुढे मी 'बंद करा' हा शब्द मागे घेते. पण एक मागणी सोडणार नाही. किती उंदीर अधू झाले, किती मारले, हा आकडा प्रत्येक शोधनिबंधात छापा. पाचवा मजला, तुम्ही छापला होता?

पाचवा मजला
नाही. 'चालण्यात दोष दिसलेले प्राणी वगळले' एवढंच लिहिलं होतं. अकरा होते.