वडापला आपल्याकडं काय म्हणतेत?

लातूरकर: साताऱ्याचा रूममेट सीटा भरल्यावर निघणाऱ्या खाजगी जीपला सारखं वडाप वडाप करतो, मी म्हणलं आमच्याकडं तिला काळीपिवळी म्हणतेत, तर हसूलालाय की ती तर मुंबईची टॅक्सी. तुमच्या गावात काय म्हणतेत?

परभणीवाला: जीपला काळीपिवळी, तीनचाकीला टमटम नाहीतर आपे. आपे हे कंपनीनं दिलेलं नाव बरं का, इटालियनमधी मधमाशी. आमची मधमाशी दहा-बारा माणसं अन् एखादी शेळी घेतल्याबगर हालतच नाही, ड्रायव्हरच अर्धा बाहेर.

जालन्याचा: आमचे आजोबा जुन्या सहा सीटरला डुक्कर म्हणायचे, तोंडच तसं होतं तिचं. टेम्पो पण मुळात जर्मन कंपनीच्या गाडीचं नाव, आपण सगळ्याच मालगाड्यांना चिकटवलं.

उदगीरकर: एस्टी विसरले काय रे? 1 जून 1948 ला पुणे-नगर पहिली एस्टी धावली तवा आपण निजामात होतो, अन् निजामाची सरकारी बससेवा 1932 चीच. साताऱ्याच्याला सांग हे.

लातूरकर: सांगतोच. पण 'एकच सीट बाकी' म्हणून पाऊण तास बसवून ठेवतेत, त्याला काय शब्द हाय?

परभणीवाला: 'निघालोच'.