बाळंतपणानंतर वकिली पुन्हा कशी उभी करावी? कोल्हापूरला जावं का?

नमस्कार. मी सांगलीत दिवाणी बाजूची वकिली करते. मुलगी दहा महिन्यांची आहे. कोर्टात परत जायला लागले, पण फायली कुठे आहेत? मधल्या काळात बहुतेक पक्षकारांनी माझी एनओसी (ना हरकत) घेऊन दुसरा वकील दिला. त्यांचंही चुकलं नाही. मनाई अर्जावरचा युक्तिवाद माझ्या बाळंतपणासाठी कोण थांबवून ठेवणार?

नात्यातले लोक म्हणतात, "तुम्हाला सहा महिने रजा असते ना?" २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची पगारी रजा आली, ती नोकरी करणाऱ्या बायकांना. आम्ही कुणाच्या नोकरीत नाही, त्यामुळे रजा नाही आणि पगारही नाही. इंग्लंडमधले बहुतेक बॅरिस्टरही स्वतंत्रच काम करतात. पण तिथल्या बार स्टँडर्ड्स बोर्डाच्या, म्हणजे बॅरिस्टरांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या, नियमांप्रमाणे मूल झालेल्या सदस्याला किमान वर्षभर थांबून परत येण्याची मुभा चेंबर्सना (बॅरिस्टरांच्या सामायिक कार्यालयांना) द्यावी लागते. आपल्याकडे सीनियरचा स्वभाव हाच नियम. माझे सीनियर भले आहेत, टेबल तसंच ठेवलंय. पण उलटतपास आता दुसऱ्या ज्युनियरकडे गेलेत आणि माझ्या वाट्याला मुदतीचे, म्हणजे पुढची तारीख मागण्याचे, अर्ज. "मॅडम, तेवढी तारीख घेऊन या."

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय. आमच्या जिल्ह्यातली अपिलं, रिट आता मुंबईऐवजी तिथे चालतात. ओळखीच्या एका वकील ताईंनी सोबत काम करायला बोलावलंय. मला मनापासून जायचंय. पण जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर, बोर्डावर (त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीत) खालचा नंबर असला तर पुकारा कधी होईल त्याचा नेम नाही, आणि पाळणाघर संध्याकाळी सहाला बंद!

घरच्यांचं म्हणणं, जेएमएफसीची, म्हणजे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी पदाची, परीक्षा दे. सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये तीन वर्षांच्या प्रॅक्टिसची अट परत आणली, ती मी केव्हाच पूर्ण केलीय. न्यायाधीश झाले तर रजा, पगार, क्वार्टर सगळं मिळेल. पण बदल्याही होतील, आणि नवरा जिल्हा परिषदेत, तो जिल्हा सोडून येणार कसा? कंपनीत लीगल ऑफिसर हाही एक सल्ला मिळाला. पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की सनद (वकिलीचा परवाना) स्थगित करावी लागते, ते मला नको.

ज्यांनी लहान मूल असताना बाहेरगावच्या कोर्टात प्रॅक्टिस केली आहे, त्यांच्याकडून ऐकायचंय. वकीलपत्रावर दोघींची नावं घातली तर फीची वाटणी कशी ठरवता? आधीच लिहून घेता की विश्वासावर? कोल्हापूरला व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर खरोखर काम भागतं का, की शेवटी उभं राहावंच लागतं? आणि नवीन पक्षकाराला घरी तान्हं मूल आहे हे सांगावं का? मी एकाला सांगितलं, तो परत आलाच नाही. पुरुष वकिलाला मुलं किती, हे कुणी विचारत असेल असं वाटत नाही, असो.

जुन्या पक्षकारांना फोन करून काम परत मागणं मला जमत नाही. त्याला दुसरा काही मार्ग असेल तर तोही सांगा.

सासूबाईंवर सोपवा असं मात्र कृपया सुचवू नका. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे.